बोटीचा रंग दहा वर्षं टिकेल

शनिवार, २ एप्रिल २०१६
सुयश आज बोट घेऊन आला. बारा फुटी, ॲल्युमिनियमची, ट्रेलरवर. बदकांच्या शिकारीसाठी दोन मित्रांबरोबर घेतली आहे. सीझन ७ मेला उघडतो. जुन्या मालकाने स्प्रे कॅनने हिरवी-तपकिरी रंगवली होती. मी नखाने टोकरलं तर टिकलीएवढा पापुद्रा निघाला.

आपल्या घरात अंडंही येत नाही. पण मुलगा चोवीस वर्षांचा आहे.

त्याच्या फ्लॅटला गॅरेज नाही. म्हणून बोट इथे आमच्या फ्लॅट बुशच्या घरी राहणार आणि तो दर शनिवारी येणार. विभावरीने दोनदा विचारून खात्री केली. ‘येह, आई, एव्हरी सॅटर्डे,’ म्हणाला. दुसऱ्या बेटावरच्या, ख्राइस्टचर्चच्या एका फर्मने त्याला नोकरी देऊ केली आहे, मेच्या मध्यापर्यंत कळवायचं आहे. अजून काही ठरलं नाही म्हणतो. मी फार विचारलं नाही. बोट इथे असली की तो इथे येणार, हे उघड आहे.

त्याला सांगितलं, रंग माझ्यावर सोड. पेनरोजच्या रंगाच्या डेपोत अकरा वर्षं झाली. दहा वर्षं हलणार नाही असा रंग देतो. ‘स्वीट ॲज, डॅड,’ म्हणाला, म्हणजे झकास.

रविवार, ३ एप्रिल
प्लॅन केला. घासणे, धुणे, प्रायमर, रंग, वरून पारदर्शक क्लिअर कोट. दहा वर्षं मी कमीच सांगितली. गावी पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ मीच लावायचो. दसऱ्यापर्यंत टिकायचा, तोही चिखलात.

विभावरी म्हणाली, बाथरूमच्या छताचे पोपडे दोन वर्षं वाट बघतायत, त्यांना पण सांगा दहा वर्षांचं. छताची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाफ असते.

मंगळवार, ५ एप्रिल
डेपोत सिओनीला विचारलं. टोंगाचा आहे, फोर्कलिफ्ट चालवतो, त्याच्या भावाच्या तीन बोटी आहेत. म्हणाला, ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, धातूला चावून धरणारा एच प्रायमर लागतो. घासल्यावर डीग्रीझरने तेलकटपणा पूस आणि मग उघड्या हाताने शिवूसुद्धा नकोस. वरून क्लिअर कोट मॅट घे, चमकणारा नको. आठवडाभर वाळू दे.

चांगला माणूस आहे. पण तो डबे उचलतो, मी डिस्पॅच बघतो. डब्यावरचं लेबल रोज मीच वाचतो.

गुरुवार, ७ एप्रिल
तीन दिवस घासलं. खांदे भरून आले. भांड्यांच्या साबणाने धुतली. धातू आरशासारखा निघाला. विश्वनाथ गुरुजी म्हणायचे, पाटी स्वच्छ पुसली की अक्षर आपोआप चांगलं येतं. सिओनी म्हणतो तेच आमच्या शाळेत पहिलीत शिकवलं होतं.

शुक्रवार, ८ एप्रिल. पाडवा
सकाळी गुढी उभारली. संध्याकाळी कामावरून आल्यावर बोटीचा मुहूर्त केला. कोरी पाटी असो की कोरी वही, आधी वर ‘श्री’ काढल्याशिवाय गुरुजी पुढचं काही लिहू देत नसत. चाळीस वर्षांत मी ते मोडलेलं नाही. समईतलं तेल बोटावर घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर, ठळक ‘श्री’ काढला.

नंतर सिओनीचं आठवलं. फडकं घेऊन उभा राहिलो. पुसवेना. रंगाच्या आत राहील, कुणाला दिसणार नाही. आतून आधारच होईल.

शनिवार, ९ एप्रिल
सुयश आला. वीस मिनिटं थांबला, पोहे खाल्ले. कुंकवाकडे बघून म्हणाला, ‘यू’ल क्लीन दॅट ऑफ, राइट?’ मी मान हलवली. मान कशी हलवली ते त्याने नीट बघितलं नाही.

प्रायमरचंही विचारलं. म्हटलं, आहे. आहेच. चेपलेले डबे स्टाफला घरी नेऊ देतात, त्यात एक राखाडी प्रायमर मिळाला. लाकूड आणि लोखंडासाठी असं लिहिलं आहे. ॲल्युमिनियमचं नाव नाही, पण चालणार नाही असंही कुठे लिहिलेलं नाही.

शनिवार, १६ एप्रिल
प्रायमर झाला, रंग झाला. ऑलिव्ह, त्यावर तपकिरी. गवताची पाती आडवी धरून वर फवारलं, त्यामुळे खरं लव्हाळं वाटतं. ‘श्री’वर रंग जरा बसेना, कवडीच्या फटीसारखा फाकला, तिथे दोन हात जास्त दिले. आता अख्ख्या बोटीत तीच जागा सगळ्यात मजबूत.

सुयश आला नाही. मित्राचा वाढदिवस होता. बरंच झालं, ओल्या रंगाजवळ माणसं नकोतच. विभावरीने त्याच्यासाठी केलेली पुरणपोळी मी खाल्ली.

सोमवार, २५ एप्रिल. ॲन्झॅक डे, सुट्टी
क्लिअर कोट. चेपलेल्यांत मॅट नव्हता, ग्लॉस होता. ग्लॉस जास्त टिकतो असं सगळेच म्हणतात. यात हार्डनर मोजून घालायचा असतो. पण गॅरेजमध्ये गारठा आहे. थंडीत दही लागायला विरजण जास्त घालतात, तसा मी अंदाजाने जास्त घातला. विभावरी दारातून बघत होती. म्हणाली, दही तरी मला विचारून लावता.

परवाच्या शनिवारी सुयशला काम होतं.

गुरुवार, २८ एप्रिल
बोट चिकट आहे. माझा अंगठा उमटला. हीटर लावला.

शुक्रवार, २९ एप्रिल
अजून चिकट. दोन माश्या लागल्या. चिमट्याने काढल्या, पाय राहिले. कॅमोफ्लाजमध्ये कळत नाहीत.

शनिवार, ३० एप्रिल
वाळली. सुयश आला. बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘डॅड, इट्स शायनी. द डक्स विल सी अस फ्रॉम टाउपो.’ टाउपो इथून गाडीने तीन तास. म्हटलं, हळूहळू मंद होईल. तो दोन स्कॉचब्राइट घेऊन आला, एक मला दिला. तासभर दोघांनी घासलं, तो एका बाजूने, मी दुसऱ्या. एकदा मधेच म्हणाला, पाती भारी जमलीत. मराठीत म्हणाला.

पुढच्या शनिवारी मला बरोबर चला म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला असता तर मी नाही म्हणणार होतो. उत्तर तयार होतं.

शनिवार, ७ मे, पहाटे ४.४०
सुयश आणि मित्र बोट घेऊन गेले. देवाजवळ दिवा लावला. रंग टिकू दे एवढंच मागितलं. बदकांबद्दल काही मागितलं नाही. दोन्ही एकदम मागणं बरं दिसत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
सुयशने फोटो आणि मेसेज पाठवला. काठावरच्या वाळूतून ओढताना रंग निघाला. तापलेल्या दुधावरची साय काढावी तसा, अखंड. एका बाजूला निम्मी बोट उघडी पडली आहे. नाळेवर मात्र फक्त ‘श्री’ निघाला आहे. शेजारचा रंग जिथल्या तिथे, मधे चकचकीत अक्षर. ऊन वर आल्यावर ते लखलखायला लागलं. दिवसभर एकही बदक जवळ आलं नाही. मित्रांना वाटलं, बापाने बदकाचं चित्र काढलंय.

खाली लिहिलं आहे, ‘ऑल गुड, डॅड.’

विभावरीने चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. म्हणाली, तुमचं अक्षर मात्र वळणदार आलंय.

रविवार, ८ मे
बोट परत आली नाही. एका मित्राकडे नेली, तिथे वरून विनाइलची तयार शीट चिकटवणार. मी फोन करून म्हणालो, तसं नको, मी पुन्हा घासतो, या वेळी एच प्रायमर आणतो, आठ दिवस दे. म्हणाला, राहू दे, डॅड. मग म्हणाला, ख्राइस्टचर्चला हो कळवलं आहे. पुढच्या महिन्यात जाईन. बोट फेरीने नेतो, तिकडे तळी हीप्स, ढिगाने आहेत.

मी म्हटलं, थंडी असते तिकडे, स्वेटर ने. मग फोन आईला दिला.

तसं ठीकच आहे. गॅरेज मोकळं झालं. पाच आठवडे गाडी बाहेर दवात होती. उद्या आत लावतो.

सोमवार, ९ मे. अक्षय्य तृतीया
डेपोत सिओनीने विचारलं, बोट कशी आहे? म्हटलं, चालते.

घरी येऊन गॅरेज झाडलं. काँक्रीटवर सगळीकडे ऑलिव्ह रंगाचा फवारा बसला आहे. मधे बोट होती तेवढी जागा कोरी. बारा फूट, पुढे निमुळती. या फवाऱ्याखाली घासलेलं नव्हतं, प्रायमर नव्हता, क्लिअर कोट नव्हता. नखाने टोकरून पाहिलं. तारेच्या ब्रशने घासलं. थिनर ओतून अर्धा तास थांबलो.

निघत नाही.

गाडी बाहेरच लावली.