कॅप्टन पॉमफ्रेटच्या शिडीची शेवटची सहा पानं

सोमवार, ५ ऑक्टोबर १९८१

बावीस तारीख ठरली. लीड्सच्या मोठ्या इस्पितळात. विल्फची छाती उघडणार, झडप बदलणार, परत शिवणार – डॉक्टर असं सांगत होता जणू उशीचा अभ्राच बदलायचाय! विल्फने एकच प्रश्न विचारला. "पुस्तक नेता येईल का?"

आणि बसमध्ये मला म्हणतो, "पॉमफ्रेटचं पुस्तक तेवढं संपवून जातो. म्हणजे डोकं मोकळं."

मोकळं! बूथरॉइड घराण्यात आजवर कोणी अर्धवट काम टाकून मेलेलं नाही. सासऱ्यांनी वाफ्यातला शेवटचा बटाटा काढला, फावडं पुसून ठेवलं आणि गेले. थोरल्या दिरांनी सतरा वर्षं काड्यापेट्यांचं देऊळ बांधलं. मनोऱ्यावर क्रूस चिकटवला त्या दिवशी चहालाही उठले नाहीत.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

मी फाडली. शेवटची सहा पानं. तो अंघोळीला गेला होता.

वाचनालयाचं पुस्तक! आयुष्यात कधी 'गवतावर चालू नका' लिहिलेल्या गवतावर पाय ठेवला नाही मी. ओटच्या डब्यात तळाशी घातली, वर ओट. विल्फला ओटची लापशी डोळ्यांसमोर नको असते, त्यामुळे तिथे हात घालायचा नाही. मी स्वतः ती वाचलेली नाहीत. माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

बुधवार, ७ ऑक्टोबर

नाश्त्याला कळलं त्याला. पुस्तक उलटं धरून हलवलं, जणू पानं खाली पडतील.

"एनिड, हा माणूस चाळीस हजार प्रकाशवर्षं शिडी घेऊन गेला. दाराशी पोचला. घंटा वाजवली. दार उघडलं – आणि पुढे पुठ्ठा!"

"अरेरे," मी म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते आज कळलं. मी पुढे म्हणाले, "लोक तरी कसे असतात!"

जेवण झाल्यावर टोपी चढवून निघाला तो वाचनालयात. बुधवारी दुपारी बंद असतं हे विसरून. तासभर पायरीवर बसून परत आला.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

मिस टॉर्डॉफने पुस्तक भिंगाखाली धरलं. तीस वर्षं आमचं वाचनालय चालवतेय, पण मेल्या माणसाची तपासणी करावी तसा चेहरा. म्हणाली, "हे मुद्दाम फाडलंय." सगळ्या जिल्ह्यात ही एकच प्रत. छापणं बंद होऊन वीस वर्षं झाली. "मिस्टर बूथरॉइड, तुम्ही ऑपरेशनला शेवट न वाचता जाणार नाही. माझ्या वाचनालयातून नाही."

पुस्तक विल्फकडेच राहू दिलं, आणि 'पानं ज्याने फाडली त्याने पुढे यावं' अशी दारावर सूचना लावली तिने. लाल शाईत.

शनिवार, १० ऑक्टोबर

विल्फ झोपला की मी पहिल्यापासून वाचायला घेतलंय. नुसतं पाहायला, की शहाण्यासुरत्या माणसाला यात काय दिसतं. निवृत्त कॅप्टन पॉमफ्रेट. शेजाऱ्याकडून शिडी आणली होती. शेजारी घर बदलून दुसऱ्या आकाशगंगेत राहायला गेला. आता उसनी वस्तू ठेवून घेणं बरं दिसतं का? म्हणून हा धुण्याच्या बंबाचं यान करून निघतो. निव्वळ मूर्खपणा.

एका ग्रहावर बुधवारी दुपारी गुरुत्वाकर्षण बंद असतं – कर्मचाऱ्यांची अर्धी सुटी! लोक जेवणाची ताटं दोरीने बांधून बसतात. मी हसले नाही. खोकला आला.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आज शेजारचा आर्नल्ड सगडेन आला. टोपी हातात. अकरा वर्षं विल्फशी बोलत नाही हा – कुंपणाच्या उंचीवरून.

"मिसेस बूथरॉइड, ती पानं... बहुतेक मीच फाडली असावीत."

मी किटली खाली ठेवली.

"चौऱ्याहत्तर साली मी ते पुस्तक नेलं होतं. एकदा पाइप पेटवायला कागद सापडत नव्हता. नक्की आठवत नाही. पण मी नाही असंही सांगता येत नाही. तेव्हा माफ करा."

चौऱ्याहत्तर साली! मी म्हटलं, "असू दे हो," आणि त्याला आल्याचा केक दिला. विल्फ खुर्चीतून म्हणाला, "कुंपणाबद्दल पण माफी मागतोस का?"

"ते तुझं चुकलं होतं."

"तुझं चुकलं होतं!"

अकरा वर्षांतलं पहिलं संभाषण. तासभर चाललं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

आता अति झालं. आज आणखी तिघं येऊन माफी मागून गेले. कसाई म्हणाला, त्याच्या पोराने असेल. पोस्टातली बाई म्हणाली, तिने शहाहत्तर साली पुस्तक सायकलवरून पाडलं होतं. पाद्रीबाबा तर पुस्तक वाचलेलंच नाही, तरी आले! "सगळ्या गावाचा प्रश्न आहे, आपणही वाटा उचलावा," म्हणाले. इथे माणसाच्या पायावर पाय दिला तर ज्याचा पाय चेंगरला तोच आधी माफी मागतो, हे मला माहीत आहे, मीही तशीच. पण खरी गुन्हेगार मी, आणि सगळ्यांना माफ करत बसलेय. केक संपला.

शिवाय परिचारिका येऊन सांगून गेली – ऑपरेशनपर्यंत रोज सकाळी ओटची लापशी. विल्फ म्हणाला, "डबा भरलेला आहेच की."

"किडे झालेत!" मी ओरडलेच. "नवीन आणते."

"मग तो फेकून दे."

"देते. बघू. नंतर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाला पळाले.

शनिवार, १७ ऑक्टोबर

मिस टॉर्डॉफने या आठवड्यात समिती केली. सात सभासद, दोन चहावाले. ठराव असा: ज्याला शेवट आठवतो त्याने शनिवारी दहाला येऊन सांगावा.

वाचनालयाबाहेर रांग! आर्नल्ड पहिला. रांग बघून बाजाराला आलेलेही मागे उभे राहिले. एका बाईने अर्ध्या तासाने मला विचारलं, "कशाची आहे हो?" मी म्हटलं, "शिडीचं काय झालं त्याची." "असं का," म्हणाली, आणि उभी राहिली तिथेच.

आत मिस टॉर्डॉफ लिहून घेत होती. आर्नल्डच्या मते शेजारी शिडी घ्यायलाच नकार देतो, कारण त्याच्या घरात आता वर जायला काही नाही. कसाई म्हणाला, दार उघडतो तो पॉमफ्रेट स्वतःच. पोस्टातल्या बाईच्या शेवटात खून होता, आणि खुनी माळी – पुस्तकात माळीच नाही! पाद्रीबाबांच्या शेवटात सगळे प्रार्थना करतात. एकूण एकोणीस शेवट. एकाशी एकाचा मेळ नाही. माझी खात्री आहे, या गावात कोणी ते पुस्तक संपवलेलंच नाही. पण इथे कुणाला 'मी नाही वाचलं' म्हणवत नाही.

विल्फ मधोमध खुर्चीत बसून ऐकत होता. हसून हसून त्याचे ओठ निळे पडले. मी गोळी दिली. महिनाभरात मी त्याला असा पाहिला नव्हता. "एकोणीस, एनिड!" म्हणत होता. मला रडू आलं. मिस टॉर्डॉफने मला रुमाल दिला आणि माझीच माफी मागितली.

रविवार, १८ ऑक्टोबर

मी पुठ्ठ्याशी पोचले. दार उघडलं – आणि पुढे काही नाही.

कुठल्या गाढवाने ही पानं फाडली! असं मनात आलं. खरंच आलं!

आता कळतं थोडं. अकरा डोक्यांचा सम्राट, एक डोकं नेहमी झोपलेलं, म्हणून सभेला कधी गणपूर्ती नाही – असल्या गोष्टींतून माणूस जातो आणि त्याला एवढंच पडलेलं की शिडीचा रंग उडू नये. अवकाश एवढं प्रचंड, आणि त्याला कुणाचं भय म्हणून वाटत नाही. शिडी परत करायचीय ना? मग झालं. ते वाचताना लीड्स मला तीन स्टेशनांवर आल्यासारखं वाटलं. विल्फला असल्या पुस्तकांतून चौदाव्या वर्षापासून हेच मिळत आलं असेल. आणि मी चाळीस वर्षं म्हणतेय, "दिवे बंद कर, काय ते माकडचाळे वाचतोस!"

डबा उघडायला दोनदा उठले. नाही उघडला.

बुधवार, २१ ऑक्टोबर

सोडून आले त्याला. परिचारिकेशी चष्म्याच्या घरावरून भांडला. सगळं सामान मुकाट्याने दिलं – घड्याळ, दात, पाकीट – पण चष्म्याचं घर सोडेना. "ते उशीखाली राहील." "आजोबा, भूल दिल्यावर काय वाचणार आहात?" "माझं मी बघेन." शेवटी तिनेच हार मानली.

निघताना मला म्हणाला, "पानं शोधत राहा."

सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर वाचून झालं असतं. आणि मग?

गुरुवार, २२ ऑक्टोबर

सकाळी नऊला आत नेलं. दुपारी तीन. अजून फोन नाही.

आर्नल्ड येऊन बसलाय. खिडकीतून कुंपण बघतो आणि म्हणतो, "तसं उंचच आहे म्हणा."

पाच चाळीस. झालं. जगलाय. पुढचे दोन दिवस बघायचे, म्हणाले.

शनिवार, २४ ऑक्टोबर

डोळे उघडले! नाकात नळ्या, तोंड पांढरंफटक. मी हात धरला. इतकंच विचारलं त्याने, ओठ हलवून – "सापडलं?"

"अजून नाही," मी म्हटलं.

हसला. मग झोपला. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. उद्या पानं घेऊन जाते आणि सगळं कबूल करते. मिस टॉर्डॉफने मला वाचनालयातून काढलं तरी चालेल.

रविवार, २५ ऑक्टोबर

डबा टेबलावर उपडा केला. सगळीकडे ओट. पानं मोजली. पाच!

उभ्याउभ्याच वाचली. शेजारी दारात येतो. पॉमफ्रेटकडे बघतो, शिडीकडे बघतो, चष्मा पुसतो, आणि म्हणतो – पान संपलं. सहावं नाही. त्याच्या जागी बसच्या तिकिटामागे पेन्सिलीने, विल्फच्या अक्षरात:

"मंगळवार, १३. एनिड, ओटमध्ये किडे नाहीत. तू हे वाचणार नाहीस म्हणशील, पण वाचशील. शेवटचं पान माझ्या चष्म्याच्या घरात आहे. मी ते वाचलेलं नाही. घरी आलो की तू मोठ्याने वाच."

म्हणजे त्या खुर्चीत बसून एकोणीस शेवट ऐकताना हा माणूस...

भेटायची वेळ दोनला. मी एकपासूनच रांगेत उभी राहणार आहे.