पोट भरलेला अणू

९ फेब्रुवारी, रविवार. दिग्रस.
आजपासून रोज लिहायचं. उद्या संशोधकांना तारखा लागतील.
सिद्धांत पूर्ण झाला. गुरुत्वाकर्षण म्हणजे अणूची भूक. बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन कमी पडले की अणू दिसेल त्याला ओढतो. पृथ्वीत असे भुकेले अणू ठासून भरलेत, म्हणून आपण खाली. हेलियमचं पोट भरलेलं, त्याला ओढाओढीशी देणंघेणं नाही, म्हणून फुगा वर. जत्रेतल्या पोराला कळेल, एमएस्सीवाल्यांना कळत नाही. न्यूटन झाडाखाली बसून राहिला. माझ्यासारख्या एकतीस वर्षं टेस्ट ट्यूब धुतल्या असत्या तर डोकं चाललं असतं.

११ फेब्रुवारी.
कॉलेजातून फोन. रसायनशास्त्राच्या गुल्हाने मॅडम. २८ ला विज्ञान दिन, तुम्ही जुने प्रयोगशाळा परिचर, दहा मिनिटं आठवणी सांगाल का? आठवणी! बाईंना शब्द सापडला नसेल, व्याख्यानच म्हणायचं होतं. हो म्हणालो. वयाने वीस वर्षांनी लहान, आणि भर वर्गात मला नुसत्या नावाने हाक मारायच्या, उकंडा, बीकर आण. आता त्याच टेबलामागे मी उभा राहीन आणि त्यांना 'सर' म्हणावं लागेल. एकदा म्हणाल्या की झालं. दुसरं काही नको.

१३ फेब्रुवारी. सकाळी ७.
कौसल्येला सिद्धांत समजावला. बायको असली तरी श्रोता. तुरीच्या शेंगा सोलत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, उपाशी माणूस हलका राह्यते अन् जेवला का जड होते, तुमचं काहून उलटं हाये? आठवी शिकलेल्या बाईशी वाद घालायचा नाही, असा ठराव केला.

१७ फेब्रुवारी.
हेलियमचा फुगा कोणीही उडवेल. मी आर्गॉनचा उडवणार. मूलद्रव्यांच्या तक्त्यात हेलियमच्याच उभ्या रांगेतला, तोही पोट भरलेला, उडालाच पाहिजे. आर्गॉन मिळतो जफर वेल्डरकडे. स्टेनलेस जोडताना सोडतात. हा जफर दहावी नापास, पूर्वी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दुधाच्या टाक्या जोडायचा. सिलेंडर घेऊन येतो म्हणाला, पण तोंड बंद ठेवेना. म्हणे, काका, हा गॅस वर जात नाही जी, टाकीच्या बुडाशी बसून राह्यते. आमी आधी पंखा लावतो, मंग उतरतो, नाहीतं माणूस आतच आडवा. मला हसू आवरेना. टाकी पोलादाची, पोलाद अधाशी, तेच धरून ठेवत असेल. एवढं साधं कळू नये!

१८ फेब्रुवारी.
जफर म्हणे, आधी इथंच एक फुगा भरून पाहू. नकार दिला. ज्याला शंका असते तो तालीम करतो.

२५ फेब्रुवारी.
पांढरा कोट मिळवला. कॉलेजात तो फक्त मास्तर लोक घालत. बाह्या आखूड. कौसल्या हसली. दुर्लक्ष.

२८ फेब्रुवारी. सकाळी ९.
फुगा लाल. छताला चिकटला तर काढायची पंचाईत, म्हणून दोरा बांधायचा.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.
दोष रबराचा. रबरात कार्बन. कार्बनचे चारही हात रिकामे, त्याच्याइतका हावरट अणू नाही. त्यानेच आर्गॉनला खाली ओढलं. मागच्या बाकावरच्या एका कार्टीने विचारलं, मग जत्रेतला फुगा कशाचा असते? आजकाल मुलींना फार लाडावून ठेवतात.
फुगा माझ्या पायावर येऊन बसला. म्हणालो, थांबा, वेळ लागतो. सगळे थांबले. उठला नाही.
दोरा लागला नाही.

१ मार्च.
काल पुरतं लिहिलं नाही.
पोरांचं हसू थांबेना, तेव्हा मॅडमनी जफरला विचारलं, तुम्ही हा गॅस रोज वापरता, असं का झालं? जफर लाजला. मग म्हणे, दाखवतो जी, एक बीकर अन् मेणबत्ती द्या. मॅडम वळायच्या आत मी कपाटापाशी होतो. डावीकडून तिसरा खण, पाचशे मिलीचा. कोटाच्या टोकाने पुसून दिला.
त्याने नळीने बीकरमध्ये गॅस भरला आणि पाणी ओतावं तसा मेणबत्तीवर ओतला. दिसलं काहीच नाही, पण ज्योत गेली. मग हवेपेक्षा जड गॅस टाकीत कसा बसतो, ते सांगितलं. टाळ्या.
मॅडम म्हणाल्या, सर, पुन्हा एकदा दाखवाल का?
मी पुढे झालो. त्या जफरकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, उकंडा, दुसरी मेणबत्ती आण.
आणली.
फार लागलं मनाला. कौसल्येला सांगायचं नाही.
बीकर कोरडा होता म्हणून प्रयोग साधला, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे गेल्यावर तो धुतला आणि तिसऱ्या खणात ठेवून दिला. मला कोणी सांगितलं नव्हतं.