उशाची फळी

कँटन, कार्तिक वद्य तृतीया, संध्याकाळ

जहाजावरचा माल उतरला म्हणून शेटजींनी आज आम्हां चार कारकुनांना शहर बघायला सोडले. बाजारात सोललेली डुकरे टांगलेली. शिसारी आली. आमच्या आचाऱ्याने भरून दिलेला तांब्या मी दिवसभर छातीशी धरून होतो. इथले पाणी शिवायचेच नाही.

मग बरोबरचे जोशी म्हणाले, "चला, अफूबाज बघून येऊ." जत्रेतली माकडे बघावीत तसे! अंधाऱ्या खोलीत हाडांचा सापळा झालेला एक म्हातारा पडला होता. मला बघून तो कसाबसा उठला आणि त्याने चहाचा पेला पुढे केला. मी हात मागे घेतला. बाटलो असतो ना!

तेवढ्यात त्याच्या उशाची फळी दिसली. अफूच्या पेटीचे झाकण. त्यावर मोडीत आमच्या वखारीची खूण, शेवटी लांब ओढलेली शेपटी. पेट्यांवर खूण घालताना मीच ओढतो तशी. दुसरे कोण?

जोशी हसले, "अहो, तुमचेच अक्षर की हे!"

तांब्या अजून भरलेलाच आहे. तो मी कोपऱ्यात ठेवून दिला. समुद्र ओलांडला म्हणून ठाण्याला गेल्यावर भटजी पंचगव्य पाजतील, मी शुद्ध होईन. त्या फळीचे कोणी विचारणारसुद्धा नाही.