परीक्षा नसलेलं वर्ष

शनि. ७ मार्च
सकाळी मंजिरीने मागच्या अंगणात कपडे वाळत घातले. पाऊस आला, आत आणले. ऊन पडलं, पुन्हा घातले. पुन्हा पाऊस. सूनबाईंचा धीर मोठा. मी असतो तर दोरीच कापून टाकली असती.

चहाला संदीपने विषय काढला. इराची शाळा तंत्रज्ञानवाली. लाकूडकाम, वेल्डिंग, कोडिंग, सगळं मुलींनाही. जूनमध्ये तिची ज्युनिअरची परीक्षा, आपल्या दहावीसारखी. ती झाली की इथे आयरिश शाळांत एक वर्ष असं असतं की त्यात परीक्षाच नाही. टी.वाय. म्हणतात, ट्रान्झिशन इयर. पोरं नाटकं बसवतात, कुठेतरी काम शिकायला जातात, काहीबाही बनवतात. नको असेल तर ते वर्ष गाळून थेट हायस्कूलच्या पाचव्या वर्गात, म्हणजे आपली अकरावी. नातीला हवंय, चिरंजीवांना नकोय. "बाबा, तुम्ही लातुरात हयातभर गणित शिकवलंत. तुमचं ऐकेल ती."

परीक्षा नसलेलं वर्ष म्हणजे मीठ नसलेली आमटी. बोलतो म्हटलं.

बुध. ११ मार्च
शाळेत पालकसभा. सं. सँडीफोर्डच्या ऑफिसात अडकला, म्हणून मी आणि मं. गणिताच्या बाई तरुण, हसऱ्या. इराचं कौतुक चाललं होतं. प्रश्न छान विचारते, दुसऱ्यांना समजावून सांगते वगैरे. मी विचारलं, वर्गात कितवी? बाईंना प्रश्नच कळेना. मं.ने नीट सांगितलं. बाई म्हणाल्या, आम्ही नंबर काढत नाही. ते ठीक आहे, पण काढला तर कितवी? मं.ने टेबलाखाली माझा पाय दाबला.

नंबर न काढता शाळा चालते कशी? आणि चालते तर बरी. निकाल चांगले लागतात म्हणूनच आपली मंडळी इथे ॲडम्सटाउनात घरं शोधत असतात.

बाहेर भिंतीवर वर्गांचे फोटो. केरळ, हैदराबाद, नायजेरिया, पोलंड, ब्राझील. मी इराला म्हटलं, यात आयरिश पोरं कुठली ते दाखव. "दे आर ऑल आयरिश, आजोबा."

येताना तिने एक गंमत सांगितली. टी.वाय. गाळून थेट पाचव्यात जाणारे बहुतेक आपलेच, भारतीय. त्या वर्गाला पोरं 'गणपतीचा हॉल' म्हणतात. मला हसू आलं. मं.ला नाही आलं.

शनि. १४ मार्च
मराठी पालकांच्या आग्रहाखातर आजपासून घरच्या हॉलमध्ये माझा क्लास सुरू. शेजारपाजारची पाच-सहा पोरं. इराने तिची मैत्रीण आणली, अडा. आईवडील नायजेरियाचे, ही इथलीच. उंच, बोलकी. आल्या आल्या मला "हाय आजोबा". तोंडभर हसते. आवडली.

फळा नाही, पण हात शिवशिवत होते. आधी चाचणी घेतली. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मार्क मोठ्याने वाचले आणि तसं बसवलं. वरचे सोफ्यावर, मधले खुर्च्यांवर, शेवटचे सतरंजीवर. पहिला समोरच्या कुलकर्ण्यांचा रोहन, दुसरी इरा. सतरंजीवर एकटी अडा. बसताना हसली, पण नंतर तासभर वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली.

सं. खूश. इरा जेवायला खाली आली नाही. जिन्यात गाठलं तर म्हणाली, "यू कान्ट जस्ट रीड पीपल्स मार्क्स आउट, आजोबा." मी म्हटलं, याच पद्धतीने माझी पोरं इंजिनिअर झाली, तुझा बाप त्यातलाच. तर म्हणते, "आय नो. ही स्टिल रिमेंबर्स हू केम फर्स्ट."

मंगळ. १७ मार्च
इथल्या संताचा सण, सुट्टी. सगळे हिरवे कपडे घालून मिरवणूक बघायला गेले, मी गुडघ्यामुळे घरी. इराने जाताना माझा मफलर नीट केला, पण माझ्याकडे न बघता.

शनि. २१ मार्च
दुसरी चाचणी. इराचा कागद कोरा. वर नाव, सुवाच्य अक्षरात, समास आखलेला, खाली काही नाही. मी मार्क वाचायच्या आतच उठली आणि अडाशेजारी सतरंजीवर जाऊन बसली. काय करायलीस गं, म्हणेपर्यंत रोहनही सोफ्यावरून उतरला. मग बाकीचे. सोफ्यावर मी एकटा.

राग आला, चांगलाच आला. एवढ्या वर्षांत असा कोरा कागद मला कुणी दिला नव्हता. पण ओरडायचं कुणावर? पोरं खाली एकमेकांच्या वह्यांत डोकी घालून तीच गणितं सोडवत बसली होती. गोंगाट फार. उत्तरं बरोबर.

संध्याकाळी फिरताना राग कुठे गेला कळलं नाही. पोरगी माझ्यावर गेलीय, हट्टी आहे. सं.ला कोऱ्या कागदाचं सांगितलं नाही.

बुध. २५ मार्च
शाळेत पोरांच्या कामांचं प्रदर्शन. इरा आणि अडाने काय केलंय ते आज कळलं. कपड्यांची दोरी. पावसाचा थेंब पडला की मोटर फिरते आणि दोरी कपड्यांसकट छपराखाली जाते. वाळत घातलेला कपडा म्हणजे माझी चौकड्यांची लुंगी. न विचारता नेलेली. मी आठवडाभर शोधतोय.

फवारा मारला की लुंगी आत, पुसलं की बाहेर. एक गृहस्थ जवळ उभं राहून शिंकले, तरी आत. सगळे हसले. अडा म्हणाली, पुढच्या वर्षी टी.वाय.मध्ये आम्ही हे सुधारणार, शाळेसमोरच्या वृद्धाश्रमात बसवणार, तिथल्या आज्यांना पावसात धावता येत नाही. 'आम्ही' म्हणाली. इरा खाली बघत वायर गुंडाळत राहिली. सं. माझ्या शेजारीच उभा होता. त्यानेही ऐकलं.

गुरु. २६ मार्च
इराने दोरी घरच्या अंगणात बसवली. उद्या शाळेला टी.वाय.चं हो-नाही कळवायचं आहे. सं. म्हणाला, बाबा, आज बोला तिच्याशी.

तुझ्याशीच बोलतो म्हटलं. घेऊ दे तिला ते वर्ष.

"तुम्ही? तुम्ही म्हणताय हे?"

हो, मीच. त्याचंही चूक नाही. एक वर्ष मागे पडेल, बरोबरीची पोरं पुढे जातील, कॉलेज प्रवेशाचे पॉइंट्स काही कमी लागणार नाहीत. सगळं बरोबर बोलला. मी एवढंच म्हणालो, पोर एक वर्ष उशिरा मोठी होईल. होऊ दे की. मला तर चालेल.

"माझ्या बाजूने बोलायला सांगितलं होतं तुम्हाला." उठून गेला. मला वाईट वाटलं. मुलगाही माझाच आहे.

शुक्र. २७ मार्च
स्वच्छ ऊन. सं. ऑफिसला जाता जाता शाळेत सांगून जाणार होता. गाडी दारात, हा कुठे दिसेना. मागच्या खिडकीतून बघितलं तर अंगणात. ऑफिसचे कपडे, हातात बाथरूममधला मग. दोरीच्या, पाऊस ओळखणाऱ्या डबीवर पाण्याचे थेंब टाकतोय. लुंगी आत. रुमालाने पुसलं. लुंगी बाहेर. पुन्हा थेंब. मग सगळा मगच ओतला.

इरा टोस्ट खात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं. मला वाटलं, आता तोंड फिरवेल. तर तिला विचारतो, "शिंकेला पण आत जाते, त्याचं काय करणार आहात पुढे?"

पोरगी मोज्यांवरच बाहेर पळाली.

अजून दोघं तिथेच आहेत. डबी उघडून वाकलेत. दोघांनाही उशीर झालाय. मं. दोनदा हाक मारून आली. शाळेत काय सांगायचं तो विषय कुणीच काढलेला नाही, मीही नाही. लुंगी पार भिजलीय.