बॉयलरला कल्हई

सोलापूर
९ जून २०२४

प्रिय सिद्धांत,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

‘ताई, आपल्याकडं कुणीच चहाला का येत न्हाय?’ हे तू दुसरीत असताना विचारलं होतंस. वर्गातल्या एका मुलाला तू घरी बोलावलं होतंस आणि त्याच्या आईनं नुसतं हसून दार लावून घेतलं होतं. मी भाकरी थापत होते. परवा टेम्पोतून तुझं ते धूड उतरलं आणि चार जणांनी कुंथत ते पुढच्या खोलीत आणून ठेवलं, तेव्हा इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं.

तर, मशीन पोचलं. फोनवर आपण दोघं भांडतो आणि आईला फोनवरचं काही ऐकू येत नाही. पत्र मात्र तिच्या कानाशी मोठ्यानं वाचता येतं. म्हणून यापुढं लिहायचं, असा तिचाच हुकूम आहे.

गल्लीत दोन दिवस तर्क चालले होते. समोरच्या अक्कम्माचं म्हणणं, हे दवाखान्यातलं सुया उकळायचं यंत्र असणार. कुणी म्हणालं इस्त्रीचं. आईनं सगळ्यांना दारात उभं राहून सांगितलं की माझ्या लेकाचं कॉफीचं मशीन हाय, इटलीचं हाय, आणि आता तो पुण्याचं सगळं आवरून हितंच दुकान टाकणार हाय. मग धूळ बसू नये म्हणून ठेवणीतली चादर काढून त्याच्यावर पांघरली. ती चादर मला तापात सुद्धा कधी मिळाली नाही, हे नोंदवून ठेव.

दुरुस्त कसं करायचं ते नीट लिही. चिंचोळीच्या कंपनीत स्टोअर सांभाळते त्यामुळे वॉशर न् व्हॉल्व्ह रोज हातातून जातात, पण ओळखणं वेगळं आणि बसवणं वेगळं.

आई तुझी वाट बघते. माझंही तसंच समज.

तुझी ताई,
संघप्रिया


पुणे
१७ जून २०२४

ती. ताईस,
सिद्धांतचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. अक्कम्माकाकूंना सांग, सुया नाही, माणसं उकळून निघाली त्या मशीनसमोर.

कॅफे बंद झालं त्याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस. जागेचं भाडं झेपेना. वाटणीत भागीदारानं टेबलखुर्च्या ठेवल्या, दुकानाचं नाव ठेवलं, आणि मला हे बंद पडलेलं मशीन आलं. इथं सगळे मला सिड म्हणतात. ते नावही आता दुकानाबरोबर त्याच्याकडंच राहिलं म्हणायचं.

आता काम. वरचा पत्रा काढलास की आत आडवा तांब्याचा बॉयलर दिसेल. एका बाजूचं झाकण बोल्टवर आहे, ते उघड. आत क्षारांचे पोपडे असतील. लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालून ते रात्रभर भिजव, धुऊन काढ, पुन्हा भिजव. रबरी रिंगा मी कुरियरनं पाठवतोय. नळाचं पाणी त्यात कधीही घालू नकोस. आपल्याकडच्या पाण्यानं बादलीला दगड चढतो, मशीनचं काय होईल!

ताई, मशीन चालू झालं की मी आलो. पुढच्या खोलीची खिडकी काढू, तिथं काउंटर करू. उभ्यानं प्यायचं, बसून प्यायचं, ज्याला जसं आवडेल तसं. विजयादशमीला उघडू. हे आईला दोनदा वाचून दाखव.

तुमच्या मायेवरच चाललंय. ती आटू देऊ नका.

तुझा,
सिद्धांत


सोलापूर
१४ जुलै २०२४

प्रिय सिद्धांत,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

तुझ्या बॉयलरमधून निघालेले पोपडे आईनं सुपात घेऊन गल्लीभर दाखवले. अंड्याच्या कवचासारखे, पण बोटभर जाड. लिंबूसत्त्वाचे पुडे घेऊन घेऊन दुकानदारानं विचारलं की लग्नाचं सरबत आहे काय. पाणी चार दिवसांआड येतं, त्यात तुझ्या मशीनची अंघोळ. भांडी तशीच ठेवून आधी बॉयलर धुतला, हेही नोंदवून ठेव.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी खाली बसते आणि एकेक नट काढून ताटात मांडते. आई समोर बसून कुठला कुठं होता ते लक्षात ठेवते. खरं सांगू? वडील गेल्यापासून आम्ही दोघी अशा एका कामावर बसलोच नव्हतो.

आता आनंदाची बातमी. बॉयलर आतून स्वच्छ झाला तसं लालभडक तांबं दिसायला लागलं आणि आई अडून बसली. तिचं म्हणणं, बिनकल्हईच्या तांब्यात उकळलेलं पाणी आपण कधी पिलो न्हाय, आणि लोकांस्नी तर पाजायचंच न्हाय. पहिल्याच दिवशी कुणाचं पोट बिघडलं तर म्हणतील, बघा, त्यांच्याकडं पिलो म्हणून. मला ते पटलं. चांदसाबचाचा अजून भाता घेऊन येतात, पण आता महिन्यातून एखाद्या वेळी. पेटवली भट्टी, टाकला नवसागर, फिरवलं कथील. आतून असा आरसा झालाय की आईनं त्यात तोंड बघितलं. जाताना चाचा मोठ्या प्रेमानं म्हणाले की भांडं जुनं आहे, जागोजागी गळकं होतं, तेही सगळं बुजवून दिलंय.

तुझी खोली रंगवायला काढली आहे. रंग कुठला ते लिही, नाहीतर आई गुलाबी करील.

खुशाली कळवत जा, आम्ही तेवढ्यावर आठवडा काढतो.

तुझी ताई,
संघप्रिया


पुणे
२१ जुलै २०२४

ती. ताईस,
जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फोन लावला, लागला नाही, म्हणून लगेच लिहितोय. गळकं नव्हतं ते! ती भोकं वाफेची आहेत. त्यातलं एक सेफ्टी व्हॉल्व्हचं. ते बुजलं आणि तू बटण दाबलंस तर बॉयलर फुटेल आणि पुढची खोली राहणार नाही. मशीनला हात लावू नकोस. वायर काढून ठेव.

कुणी सांगितलं होतं कल्हई करायला? अडाण्यासारखं काहीतरी करून बसता आणि वर कौतुकानं कळवता. जगात कुठंही कॉफीच्या मशीनला कल्हई करत नाहीत. इथं कुणाला सांगितलं तर हसतील.

मला सध्या येता येणार नाही. एका हॉटेलात मुलांना कॉफी शिकवायचं काम धरलंय.

जपून राहा. रंग कुठलाही चालेल.

सिद्धांत


सोलापूर
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय सिद्धांत,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

‘अडाण्यासारखं’ हा शब्द आईला वाचून दाखवताना मी गाळणार होते, पण ती ओठांकडं बघत असते. ती म्हणाली, घाबरला आसंल पोरगं.

तू म्हणालास ते खरंच होतं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या वाटेत कथील गच्च बसलं होतं. चांदसाबचाचांना सांगितलं तर ते स्वतः भोकं बघायला आले. म्हणाले, जन्म गेला भांड्याची भोकं बुजवण्यात, भोक ठेवायचं भांडं हे पहिलंच बघितलं. कंपनीतून हाताचा ड्रिल आणला आणि एकेक वाट मोकळी केली. प्रत्येकीतून तार घालून पलीकडं निघते का बघितलं. मग सगळं उलट क्रमानं बसवलं. एक नट उरला तेव्हा आईनं बोट दाखवून त्याची जागा सांगितली.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आईला अक्कम्माच्या घरी पाठवून दिलं होतं. दाबाचा काटा चढला, हिरव्या पट्ट्यात थांबला. दुसऱ्या दिवशी वाफेची नळी उघडली आणि आईनं मान वळवली. तिला ते ऐकू आलं रे. कशाची शिट्टी म्हणून विचारलं तिनं. मी नळी पुन्हा एकदा उघडली.

कॉफी झाली. आईचं मत, करपलेला काढा. अक्कम्मा उंबऱ्यात उभी राहून प्याली, तीन चमचे साखर घातली, मग आत येऊन बसली आणि नवऱ्यासाठी, महादेवप्पांसाठी, एक कप घरी घेऊन गेली. सगळे आले असं खोटं लिहीत नाही. पलीकडच्या ओळीतल्या दोघी दारातून बघून, आमाला कॉफी सोसत न्हाय म्हणून निघून गेल्या. पण अक्कम्मा दुसऱ्या दिवशीही आली.

खिडकी काढायला गवंडी सांगून ठेवलाय. खोलीला फिका पिवळा रंग दिला आहे. फक्त तू हवास.

येण्याचा दिवस कळव. आमचा जीव तिकडं लागलाय.

तुझी ताई,
संघप्रिया


पुणे
५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

माझा भागीदार त्याच जुन्या नावानं सोलापुरात, सात रस्त्याजवळ, नवं कॅफे काढतोय. मशीन चालू झालं हे मी त्याला सांगितलं. त्यानं ते मागितलं आणि मी हो म्हणालो. मॅनेजर मीच असणार. म्हणजे मी सोलापुरात येतोच आहे, फक्त पुढच्या खोलीत नाही.

ताई, खरं सांग. आपल्या गल्लीत कॉफी प्यायला कोण येणार? अक्कम्माकाकू? तूच लिहिलंस, दोघी दारातून परत गेल्या. मला रोज त्या दोघींकडं बघायचं नाही.

गुरुवारी, १९ तारखेला, तो टेम्पो घेऊन येईल. एक काम कर. त्याआधी मशीन होटगी रोडला हारूनभाईंच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेव. दुरुस्तीही तिथंच झाली, असं मी त्याला सांगितलंय. मी सोलापूरचा एवढंच त्याला माहीत आहे. घर कुठं, आपण कोण, हा विषय मी कधी निघू दिला नाही, आणि आता काढायची ही वेळ नाही. तो वाईट नाही. पण मी कशाला परीक्षा घेऊ?

तुझे कष्ट मला कळतात. रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझा,
सिद्धांत


सोलापूर
११ सप्टेंबर २०२४

प्रिय सिद्धांत,
जय भीम. वि. वि.

तू नको म्हणालास, पण पोस्टमननं पत्र आईच्याच हातात दिलं आणि ती माझ्याआधी खुर्ची ओढून बसली. मी वाचत गेले. गॅरेजपर्यंत आले आणि थांबले. पुढचं का वाचत न्हाईस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, अक्षर लागत नाही. तिनं कागद हातात घेऊन नुसता बघितला आणि म्हणाली की त्याच्या अक्षराला तर शाळेत बक्षीस मिळालं होतं की. मग तिनं तो मला परत दिला आणि मी उरलेलं वाचलं. संध्याकाळी गवंडी आला, त्याला तिनंच सांगितलं की खिडकी राहू दे.

तुला भित्रा म्हणायचं मनात आलं होतं. मग माझी कंपनीतली पहिली दोन वर्षं आठवली, मशीनच्या खोक्यांमागं एकटीनं खाल्लेला डबा आठवला. माणूस दमतो, हे मला ठाऊक आहे. पण मी लपून खाल्लं तरी आईला कुणापासून लपवलं नव्हतं.

हारूनभाईंना विचारलं. ते म्हणाले, जागा भरपूर आहे, पण मी जे मशीन उघडलं नाही ते मी दुरुस्त केलं असं सांगायचं असेल, तर सिद्धांतनं समोर येऊन मागावं. म्हणून मशीन इथंच आहे. ते तुझं आहे, मी अडवणार नाही. त्यात शुद्ध पाण्याशिवाय दुसरं काही घालू देऊ नकोस. डावीकडची वाफेची नळी जरा घट्ट आहे, हलक्या हातानं उघडावी लागते.

आता माझं एक मागणं. गुरुवारी टेम्पो एकटा पाठवू नकोस. तू ये, आणि भागीदारालाही आण; त्याचं नाव तू मला अजून लिहिलेलं नाहीस. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबव, नव्यानं डांबर टाकलंय. दोघं आत या, बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्च्या टाकून ठेवते. आईला आता कॉफी करता येते. ती पिताना त्याला एवढंच सांग, की ही माझी आई, ही माझी बहीण, आणि हे मशीन हिनं दुरुस्त केलं. मग खुशाल उचला, मी स्वतः हात लावीन.

तू येणार नाहीस. गुरुवारी ड्रायव्हरचा फोन येईल, साहेबांना जमलं नाही म्हणून, हे मला आत्ताच ऐकू येतंय. तरीही मागते आहे, सिद्धांत. त्याला घेऊन घरी ये.

तुझी ताई,
संघप्रिया