आधी नारळ

हैदराबाद

बाबा, पाया पडते.

मी बरी आहे. मेसचं आंबट वरणही आता गोड लागतं. आईचा गुडघा कसा आहे?

जमिनीचा विषय काढला की तुम्ही ‘अभ्यास कर’ म्हणून फोन ठेवता, म्हणून हे पत्र. युनिव्हर्सिटीत कॉमर्स आणि इकॉनॉमिक्स एकत्र घेतलं, तेव्हा ‘एका म्यानात दोन तलवारी’ म्हणून हसलेलात ना? देवेशदादाने पाठवलेला जमीन विक्रीचा करार मी त्या दोन्ही डोळ्यांनी वाचला. कॉमर्सच्या हिशेबाने कागद चोख आहे. पण इकॉनॉमिक्स विचारतं, आंबिवलीतल्या आपल्या एवढ्याशा तुकड्यासाठी बिल्डर रोज चहाला का येतो? मग नकाशा बघितला. मागची सगळी शेतं त्याने घेतलीत आणि तिथे जायला वाट फक्त आपल्यातून आहे. अडलाय तो, बाबा. आपण नाही.

मी येईपर्यंत सही करू नका. रागवा हवं तर.

गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून तुम्ही बिल्डरला जमीन द्यायचा शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द तुम्ही मोडत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यालाही होतं. म्हणूनच त्याने कागद नंतर काढला, आधी नारळ आणला.

तुमचीच,
जागृती