गरुडाला वाट

तांबरम,
गुरुवार

प्रिय ऋजुता,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. ड्रोनची पाती चार जोड्या, बाराशे चाळीस. माझ्या चष्म्यावर अडकवायची काळी काच, तीनशे पन्नास. गोडा मसाला अर्धा किलो, त्याची पावती तू मुद्दाम काढून ठेवलीस हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. वर टपालखर्च एकशे नव्वद. मसाला मी इथे निम्म्यात केला असता असं म्हणणारच होते, पण डबा उघडला आणि हे हातातला पेपर टाकून स्वयंपाकघरात आले, तेव्हा गप्प बसले. आज आमटी केली. मकरंदने दोनदा घेतली.

फोन असताना पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर आपण सासू-सुना हवापाणी आणि जेवण यापलीकडे जात नाही, आणि घरात दोनच खोल्या. तुझ्या पुण्याच्या ऑफिसने कायम करण्याचं पत्र दिलंय आणि तीस तारखेच्या आत उत्तर मागितलंय, हे मकरंदने परवा भात कालवता कालवता सांगितलं. हे म्हणाले, मग तू काय म्हणालास तिला? तर म्हणाला, मी काय म्हणणार, तिचं ती ठरवेल. आणि ताक मागितलं. त्यानंतर मी दोन दिवस हे पत्र मनात लिहिते आहे.

आधी देवाचे आणि तुझे आभार. सात महिने तू दर एक तारखेला पैसे पाठवलेस, म्हणून ड्रोन विकावा लागला नाही. घेणारा आला होता, अर्ध्या किमतीला मागत होता, चहा पिऊन गेला. पेरुंगुडीच्या बाजूला तू असताना होतं तसंच आहे. ऑफिसांतून माणसं कमी केली, फ्लॅट विकले जाईनात, बिल्डरांनी इमारतींचे वरून फोटो काढून घ्यायची कामं थांबवली. एकाला मकरंदने फोन केला, तर तो म्हणाला, सर, मागच्या वर्षीचेच फोटो चालतात, इमारत कुठे वाढली आहे? मकरंद हसत हसत सांगत होता.

तू गेल्यावर त्याच्याबरोबर उभं राहायला कोणी नव्हतं. त्याचे डोळे स्क्रीनवर, मग वर आकाशात कोण बघणार? म्हणून मी जायला लागले. इथे एअरफोर्समुळे गच्चीवरून वीतभर उडवता येत नाही, तेव्हा सरावाला कोवलमला जातो. ह्यांना तर विषयच मिळाला. रोज विचारतात, एअरफोर्सचं बोलावणं आलं का गं तुला? कोवलमला मासळी उतरते तिथे घारी फार. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावून उभी, तर मासे विकणारी श्रीदेवी म्हणून एक बाई आहे, ती म्हणाली, मामी, वास खाली आहे, घार वर आहे, तुम्ही नक्की काय बघताय? मग तिनेच तिचं स्टूल दिलं आणि शिकवलं, की घार उन्हातून येते, ती दिसायच्या आधी वाळूवर सावली दिसते, नजर दोन्हीकडे हवी. आता मी पन्नास पावलांवरून घार कुठली आणि गरुड कुठला ते सांगते. गरुड दिसला की हात जोडायचे असतात, पण कामावर असताना मनातल्या मनात जोडते. मकरंदची सक्त ताकीद आहे.

आणि मागच्या रविवारी आम्हाला काम मिळालं. कोवलमच्या पुढे एका गावात पेरुमाळचं, म्हणजे आपल्या विष्णूचं, छोटं देऊळ आहे, त्याचा कुंभाभिषेक होता. तू पाहिलेला नाहीस म्हणून सांगते. देवळाची डागडुजी झाली की गुरुजी मंत्रवलेल्या पाण्याचे कुंभ डोक्यावर घेऊन परांचीवरून वर चढतात आणि कळसावर पाणी ओततात. पण मुहूर्त झाला तरी वर गरुड येऊन घिरटी घालेपर्यंत थांबतात. तो आला म्हणजे देवाने स्वीकारलं. विश्वस्त गुरुमूर्ती म्हणून आहेत, त्यांनी मकरंदला बजावलं होतं, बाकी काही नसलं तरी चालेल, कळसावर पाणी पडतानाचा वरून एक फोटो हवा, खाली सगळा गाव दिसला पाहिजे. त्याचं कॅलेंडर छापायचं होतं.

सगळा गाव माना वर करून उभा. ड्रोन कळसाच्या बाजूला अधांतरी थांबवलेला. आणि सुरूच्या झाडांकडून गरुड निघाला, पांढरं डोकं, विटकरी पंख, सरळ ड्रोनच्या रोखाने. मला हात जोडायचंही सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, मकरंद, खाली घे. ऋजुता, त्याने वर पाहिलं नाही, का म्हणून विचारलं नाही. ज्या एका फोटोसाठी आम्ही आलो होतो तो पुढच्या क्षणी मिळणार होता, आणि त्याने ड्रोन मांडवाच्या मागे उतरवला. गरुडाने तीन फेऱ्या घातल्या, लोक गोविंदा, गोविंदा ओरडले, पाणी पडलं, आणि आमचं यंत्र जेवणाच्या डब्यासारखं जमिनीवर बसलेलं.

गुरुमूर्ती धावतच आले. पडम् एंगे, मामी? फोटो कुठाय म्हणून माझ्यावरच ओरडले, मकरंदवर नाही. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, देव ज्याच्यावर बसतो तो येत होता, त्याच्या वाटेत आमचं खेळणं कसं ठेवू?  ते म्हणाले, देवाचं ते बरोबर, पण ठरलेलं ते ठरलेलं, आणि ठरलेल्यातून दोन हजार कापले. कापले ते कापले, पण जाताना मकरंदचा नंबर मागून घेतला. त्यांच्या मेव्हण्याच्या गावचं देऊळ आहे पुढच्या महिन्यात. आणखी एका ठिकाणाहूनही विचारणा आली आहे. बिल्डरांइतके पैसे नाहीत यात, ते तुला खोटं सांगणार नाही. घर जेमतेम चालेल.

पण मी घरी येताना दोन हजारांचा विचार करत नव्हते. त्याने विचारलं का नाही, हेच डोक्यात होतं. पूर्वी तू हाक मारायचीस, तेव्हा तो असाच निमूट खाली घ्यायचा. आणि त्या जागेवर आता मी उभी, जिने त्याच्यापासून गोष्ट लपवलेली. माघात मीच तुला स्वयंपाकघरात म्हटलं, की तू पुण्याला भावाकडे जा, नोकरी धर, आणि मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस, आईचाच आपल्या कामावर विश्वास नाही असं त्याला वाटेल. तू शब्द पाळलास. मग त्याला वाटलं की विश्वास तुझाच उडाला. तो म्हणाला कधीच नाही, पण तुमचे फोन मी ऐकते ना, जेवलास का, हो, तू जेवलीस का, हो. त्या दिवशी केळंबाक्कमच्या पुढे, स्कूटरवर त्याच्या मागे बसून, मधे ड्रोनची पेटी, मी त्याला सगळं सांगितलं. त्याने स्कूटर कडेला घेतली. बराच वेळ हेल्मेट काढलं नाही. मग म्हणाला, सात महिने, आई. एवढंच. त्यानंतर दोनदा तुला फोन लावायला गेला आणि ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे. ये असं मी म्हणणार नाही. एकदा तुला घराबाहेर पाठवलं, आता बोलावणारीही मीच कशी होऊ? तू पुण्यात कायम झालीस तरी मी तुझे उपकारच मानीन. फक्त त्या कागदावर सही करायची की नाही ते, आता त्याला सगळं कळलेलं आहे, हे धरून ठरव. आणि काय ठरतं ते उलट टपाली कळव, दोन ओळी असल्या तरी चालतील. पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्याचं घाल.

तुझीच,
आई